हातातल्या ग्राइंडरचा कटिंग स्टँड: घरी वेल्ड करताना कशाआधी काय करायचं

चार इंची अँगल ग्राइंडर हातात धरून पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी पाइप काटकोनात कापणं अवघड असतं. म्हणून बरेच जण घरीच वेल्डिंग करून त्याला स्टँड जोडतात: खाली लोखंडी बेस, मागे शाफ्टवर वर-खाली होणारा पाइपचा हात, आणि हाताच्या टोकाला ग्राइंडर. मुंबईत हल्ली छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन अनेकांच्या घरी असतं, लोखंड सहज मिळतं, त्यामुळे काम वरवर अर्ध्या दिवसाचं वाटतं. बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. कुणी ग्राइंडरच्या डोक्यालाच नट वेल्ड करायला जातं. कुणी ग्राइंडर स्टँडवर बसलेला असतानाच वेल्ड मारतं. आणि बहुतेक जण जुळवणी न तपासता एका दमात पूर्ण वेल्ड ओढून मोकळे होतात. मग डिस्क कापताना अडकते, आणि मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरणारी डिस्क अडकली की ती फुटते.

नियम एकच आहे. वेल्डिंग फक्त स्टँडला करायचं. ग्राइंडर बोल्टने बसवायचा, आणि रॉड पेटण्याआधी तो काढून बाजूला ठेवायचा. पुढचं सगळं या नियमाला धरून आहे.

## १. ग्राइंडर आधी नीट बघून घ्या

गिअर असतो तो पुढचा धातूचा भाग, म्हणजे डोकं, लोखंडाचं नसतं. ते ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. लोखंडासाठीच्या साध्या ६०१३ वेल्डिंग रॉडने ते जोडलं जात नाही, नुसतं वितळतं. मॅग्नेशियम असेल तर पेट घेऊ शकतं. आत ग्रीस आणि बेअरिंग असतात, मागे प्लास्टिकची बॉडी आणि वाइंडिंग. वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि पुढे आयुष्यभर मशीन गुरगुरत राहतं.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना साइड हँडलसाठी आटे असतात. स्टँडला ग्राइंडर धरायचा तो याच आट्यांनी. बहुतेक छोट्या ग्राइंडरला इथे एम ८ किंवा एम १० बोल्ट लागतो. अंदाजाने बोल्ट आणू नका. मूळ हँडल सोबत न्या आणि दुकानात बोल्ट हाताने फिरवून बघा. सुरुवातीपासून हलका फिरला तरच तो आटा बरोबर.

आता हँडलच्या आट्याची लांबी मोजा, कारण बोल्टची लांबी त्यावर ठरते: तेवढी लांबी, अधिक पट्टीची जाडी, अधिक वायसर, त्याहून एक मिलिमीटरही जास्त नको. लांब बोल्ट आत जाऊन गिअरला टेकतो. ते बाहेरून दिसत नाही, फक्त चालू केल्यावर आवाज येतो.

डोक्यावरचं स्पिंडल लॉकचं बटण, म्हणजे डिस्कचा दांडा (स्पिंडल) अडवणारं बटण, कुठे आहे त्यावर खूण करा. ब्रॅकेट, म्हणजे ग्राइंडर धरणाऱ्या पट्ट्यांचा सांगाडा, त्या बटणावर दाबून बसला तर चालू मशीनला लॉक लागू शकतो.

थांबा: दोन्ही बाजूंना आटे नसतील, गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक कव्हर, हरवलेला असेल किंवा स्पिंडल हाताने हलवल्यावर खेळ जाणवत असेल, तर त्या ग्राइंडरसाठी स्टँड बनवू नका. स्टँडमुळे खराब बेअरिंग सुधारत नाही, उलट त्याच्यावरचा जोर वाढतो.

## २. जागा आणि वीज

मुंबईच्या घरात खरी अडचण जागेची. बाल्कनीत वेल्डिंग करायचं म्हटलं तर खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात, शेजारी एसीचं आउटडोअर युनिट, भिंतीवरून जाणारी गॅसची पाइपलाइन. ठिणगी कठड्याबाहेर गेली की ती आपल्या हातात राहत नाही. गच्ची बरी, पण सोसायटीची लेखी परवानगी घेऊनच. गच्चीवर दोन गोष्टी आधी बघा: वॉटरप्रूफिंगसाठी डांबरी शीट टाकली आहे का, आणि पावसाळ्यासाठी बांधलेली निळी ताडपत्री किंवा प्लास्टिकची शेड जवळ आहे का. दोन्ही पटकन पेटतात. खाली जुना पत्रा अंथरा, भोवती पत्र्याचा किंवा सिमेंट शीटचा आडोसा करा. हा आडोसा ठिणग्यांसाठी जेवढा, तेवढाच समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या डोळ्यांसाठी. लहान मुलांना आर्कचा झगमगाट बघत राहावंसं वाटतं, आणि डोळ्यांचा त्रास रात्री सुरू होतो.

जागा मिळतच नसेल तर कटिंग, ड्रिलिंग आणि जुळवणी घरी करा, आणि क्लॅम्प लावलेले तुकडे जवळच्या ग्रिलवाल्याकडे नेऊन त्याच्याकडून टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे वेल्डचे छोटे ठिपके, मारून घ्या. यात कमीपणा नाही. स्टँड बरोबर होतो तो जुळवणीमुळे.

विजेचा हिशेब सोपा आहे. ८० अँपिअरवर वेल्ड करताना छोटं इन्व्हर्टर मशीन घरच्या २३० व्होल्टच्या लाइनमधून साधारण १२ ते १५ अँपिअर ओढतं. म्हणजे टीव्हीचा किंवा मिक्सरचा छोटा प्लग चालणार नाही. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, बहुतेक घरांत एसीला असतो तो. एक्स्टेन्शन घ्यायचं तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची थ्री कोअर वायर घ्या आणि ती पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर गरम होते. जुन्या चाळीत वायरिंग कधी बदललं होतं हे माहीत नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं स्विच, आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

इशारा: मशीनचा अर्थिंग क्लॅम्प नेहमी कामाच्या तुकड्याला. खिडकीच्या ग्रिलला, पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपला कधीही नाही. आणि ओल्या गच्चीवर, पावसाच्या उघडिपीत, चप्पल घालून काम नको. जून ते सप्टेंबर हे काम पुढे ढकललं तर काही बिघडत नाही.

## ३. माल

इथे दिलेली मापं १०० मिलिमीटरच्या ग्राइंडरची आहेत. तुमच्या ग्राइंडरवर ताडून मगच कापा.

- बेस: ६ मि.मी. जाडीची एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) प्लेट, ४०० × २५० मि.मी.
- हात: ४० × ४० × ३ चा काळा चौकोनी पाइप, ३०० मि.मी.
- शाफ्ट: २० मि.मी. एमएस ब्राइट बार, १६० मि.मी.
- बेअरिंग ब्लॉक (शाफ्ट फिरतो ते बोल्टने बसवायचे तयार बेअरिंग): यूसीपी २०४, दोन नग
- ब्लॉकखालचे पाट: ५० × २५ × ३ चा आयताकार पाइप, १४० मि.मी.चे दोन तुकडे
- ब्रॅकेट: ५० × ६ ची पट्टी, अर्धा मीटर
- फेन्स (कापायचा तुकडा ज्याला टेकतो तो अँगल): २५ × २५ × ३, २०० मि.मी.
- कामाखाली ठेवायला १० मि.मी. चौकोनी सळीचे चार तुकडे
- बोल्ट ८.८ ग्रेडचे, स्प्रिंग वायसर, मोटरसायकलच्या साइड स्टँडची एक स्प्रिंग
- २.५ मि.मी. ६०१३ वेल्डिंग रॉड

बेअरिंग ब्लॉक, बोल्ट, ड्रिल बीट नागदेवी स्ट्रीटला एकाच फेरीत होतात. लोखंड कर्नाक बंदरच्या बाजाराला किंवा दारुखान्यात मिळतं. दारुखान्यात प्लेटचे कापलेले तुकडे वजनावर मिळतात, पण ते वाकलेले असू शकतात. दुकानातच दोन तुकडे पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर दुसरा तुकडा मागा.

माल घेताना दोन चुका टाळा. पाइप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, नको. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने पांढरा धूर होऊन निघतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. शाफ्ट ईएन ८ या पोलादाचा नको. त्यात कार्बन जास्त असतो आणि घरगुती वेल्डच्या कडेला तो तडकतो. साधा एमएस ब्राइट बार असं स्पष्ट सांगून घ्या.

बेअरिंग ब्लॉकऐवजी दाराची बिजागरी वापरण्याचा मोह होतो. तो आवरा. दोन ब्लॉक एकमेकांपासून १०० मि.मी. अंतरावर आहेत आणि शाफ्टपासून डिस्क २५० मि.मी. लांब आहे असं धरा. शाफ्टच्या जागी ०.२ मि.मी.चा खेळ असला तर डिस्कच्या जागी तो अर्धा मिलिमीटर होतो. डिस्कची जाडी १.२ मि.मी. बिजागरीत याहून कितीतरी जास्त खेळ असतो.

## ४. पुठ्ठ्याचा साचा आणि मोजमाप

लोखंड कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचा ब्रॅकेट बनवा. ग्राइंडरची बॉडी वर आणि किंचित तुमच्याकडे झुकलेली, डिस्क उभी, डोक्याचं नाक खाली, अशी मांडणी ठेवा. हँडलचे दोन आटे मग एक पुढे आणि एक मागे येतात. डोक्याखाली पट्टी येत नाही, त्यामुळे कापण्याची खोली वाया जात नाही.

ब्रॅकेट तीन तुकड्यांचा. मागची पट्टी लांब, साधारण १२० मि.मी. तिच्या एका टोकाला ग्राइंडरचा बोल्ट, दुसऱ्या टोकाला हाताचा पाइप. पुढची पट्टी आखूड, आणि दोघींना जोडणारी मधली पट्टी डोक्याच्या डिस्कविरुद्ध बाजूने. मागची पट्टी लांब ठेवायची कारण पाइप थेट बोल्टमागे वेल्ड केला तर बोल्टला पानाच लागत नाही. मधल्या पट्टीत लॉकच्या बटणासमोर बोट जाईल एवढं भोक ठेवा, आणि पट्टी डोक्यापासून दोन-तीन मिलिमीटर सुटी.

उंचीही आत्ताच ठरवा. यूसीपी २०४ ब्लॉकमध्ये शाफ्टचं केंद्र तळापासून ३३.३ मि.मी. वर असतं. खाली २५ चा पाट आला की ५८ मि.मी. १०५ मि.मी.ची डिस्क पूर्ण खाली आल्यावर बेसपासून पाचेक मिलिमीटर वर थांबली पाहिजे, म्हणजे तिचंही केंद्र साधारण ५८ वर येतं. शाफ्ट आणि डिस्क एका उंचीवर आले की हात शेवटी बेसला समांतर होतो आणि काप सरळ उतरतो.

तपासा: डोक्याचं नाक आणि डिस्कची कड यांतलं अंतर मोजा. कापण्याची खोली तेवढीच. चार इंचीत पंचवीसचा पाइप सहसा निघतो, चाळीसचा एका कापात निघत नाही. त्यासाठी मोठी डिस्क लावून गार्ड काढणं हा उपाय नाही.

## ५. भोकं आणि साफसफाई वेल्डच्या आधी

सगळी भोकं तुकडे सुटे असतानाच पाडा. वेल्ड झालेला ब्रॅकेट ड्रिलखाली नीट बसत नाही. सेंटर पंच मारा, आधी ४ मि.मी., मग मापाचं बीट. ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर ९५ मि.मी., बोल्ट एम १०. हाताच्या पाइपला शाफ्टसाठी २० मि.मी.चं आरपार भोक लागतं. हातड्रिलने ते दोन्ही भिंतींतून सरळ पडत नाही, म्हणून लेथवाल्याकडून पाडून घ्या.

जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीपर्यंत गंज, रंग आणि मिलची काळी खपली घासून लोखंड चकचकीत करा. तेल पुसायला साबणाचं पाणी किंवा थिनर चालतं, पण थिनर पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा आणि डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. ब्रेक क्लीनरसारखे फवारे वापरू नका. त्यांपैकी काहींत क्लोरीन असलेले द्रव असतात आणि आर्कच्या उष्णतेने त्यांचा विषारी वायू होतो.

मुंबईच्या हवेत उघड्या पाकिटातले रॉड ओलावा धरतात. आर्क तडतडतो, ठिणग्या फार उडतात आणि वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात. उघडं पाकीट महिनोन्‌महिने पडून असेल तर नवीन घ्या आणि हवाबंद डब्यात ठेवा.

## ६. बेस आणि शाफ्ट

इथे वेल्डिंग नाहीच. पाट आणि ब्लॉक बेसला बोल्टने कसायचे. आधी बोल्ट सैल ठेवून शाफ्ट दोन्ही ब्लॉकमधून आणि हाताच्या पाइपमधून घाला. शाफ्ट बोटांनी फिरवत एकेक बोल्ट थोडा थोडा कसत जा. कुठला बोल्ट आवळल्यावर शाफ्ट जड झाला ते लगेच कळतं. तिथे पाटाखाली पातळ पत्र्याची चकती द्या. शेवटी ब्लॉकचे ग्रब स्क्रू, म्हणजे शाफ्टला धरणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू, कसा.

आता हाताचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खट्‌ असा सूक्ष्म धक्का बोटांना जाणवला तर पुढे जाऊ नका. हा खेळ वेल्ड करून जात नाही.

हात शाफ्टला काटकोनात आहे का ते गुण्याने बघा आणि क्लॅम्पने धरा.

## ७. बसवा, जुळवा, काढा, टॅक मारा

सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा, आणि लोक घाई करतात तीही इथेच.

कापताना डिस्क शाफ्टला अचूक काटकोनात फिरली पाहिजे. ती तिरकी असेल तर हात खाली येताना डिस्क कापाच्या एका भिंतीला घासते, वाकते आणि शेवटी फुटते. डोळ्याने हा तिरकेपणा दिसत नाही. क्रम असा ठेवा:

१. ग्राइंडरचा प्लग काढलेला. ब्रॅकेटचे तिन्ही तुकडे डोक्याला बोल्टने लावा आणि सी क्लॅम्पने एकमेकांना व हाताला धरा.

२. डिस्कवर मार्करने एक ठिपका करा. बेसवर एक लाकडी ठोकळा क्लॅम्प करा, त्याचं टोक ठिपक्याला जेमतेम टेकेल असं.

३. डिस्क हाताने फिरवून ठिपका आधी पुढच्या बाजूला आणा, मग मागच्या. ठोकळाही तसाच पुढेमागे सरकवा, मात्र बेसच्या कडेपासून त्याचं अंतर तेच ठेवून. दर वेळी तोच ठिपका वापरायचा, म्हणजे डिस्कचं स्वतःचं वाकडेपण मोजमापात येत नाही. दोन्हीकडच्या फटीत फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा. झेरॉक्सचे चार कागद एकावर एक धरले की साधारण ०.४ मि.मी. होतात. फट मोजायला तेवढं पुरतं.

४. हात वर-खाली करूनही हेच बघा.

५. जुळलं की जोडांवर सुईने रेघा ओढा. आता बोल्ट काढून ग्राइंडर बाहेर घ्या आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. ठिणग्यांमधले लोखंडाचे कण मोटरच्या जाळीतून आत जातात, म्हणून जवळच्या स्टुलावरही नको.

६. डोक्याच्या रुंदीचा पाइपचा तुकडा पुढच्या आणि मागच्या पट्टीमध्ये घालून लांब बोल्टने घट्ट आवळा. वेल्ड गार होताना आकसतो आणि पट्ट्या आत ओढतो. हा आधार नसेल तर ग्राइंडर परत आत बसत नाही.

७. टॅक मारा, प्रत्येक जोडाला चार, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. हात आणि शाफ्टच्या जोडालाही.

८. पूर्ण गार होऊ द्या. ग्राइंडर बसवा. क्रमांक २ ते ४ च्या पायऱ्या पुन्हा करा.

फरक जास्त आला तर एक टॅक घासून काढा, सरळ करा, पुन्हा मारा. टॅक तोडायला पाच मिनिटं लागतात. पूर्ण वेल्ड तोडायला दुपार जाते आणि पट्टी वाकते ती वेगळी.

इशारा, अर्थिंग क्लॅम्पचा: हातावर वेल्ड करताना क्लॅम्प हातालाच लावायचा. बेसला लावला तर करंट शाफ्टमधून बेअरिंगच्या गोळ्यांतून बेसकडे जातो आणि नवे कोरे ब्लॉक तिथेच खराब होतात. वेल्डचा जोड आणि क्लॅम्प यांच्यामध्ये बेअरिंग कधीच येता कामा नये.

## ८. पूर्ण वेल्ड

तपासणीसाठी बसवलेला ग्राइंडर पुन्हा काढून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पट्ट्यांमधला पाइपचा आधार परत आवळा. मग हात आणि शाफ्ट ब्लॉकमधून काढून घ्या. ब्लॉकच्या रबरी सीलला आणि ग्रीसला उष्णता सोसत नाही.

२.५ च्या रॉडला ७० ते ८० अँपिअर. पाइपच्या तीन मिलिमीटर भिंतीवर ६५ पासून सुरुवात करा आणि आधी भंगार तुकड्यावर सेटिंग बघा. रॉड धरणारा होल्डर मशीनच्या निगेटिव्हला लावला तर पातळ भिंत जळून भोक पडण्याची शक्यता कमी होते. जिथे जाड पट्टी आणि पातळ पाइप भेटतात तिथे आर्क जाड पट्टीवर धरा आणि पाइपकडे नुसता ओढून आणा.

एका वेळी वीस-पंचवीस मिलिमीटर ओढा, थांबा, समोरच्या बाजूला जा. एका बाजूने सलग ओढलं की जोड त्या बाजूला कललाच समजा. सेटिंग बरोबर असेल तर ६०१३ चा स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमणारी खपली, गार होताना स्वतःच कडेने सुटून उचलला जातो, आणि खाली वेल्ड बारीक, एकसारख्या लाटांचा, दोन्ही काठांत मिसळलेला दिसतो. स्लॅग छिन्नीने खरवडावा लागत असेल आणि वेल्ड दोरीसारखा वर बसला असेल, तर करंट कमी होता. तो वेल्ड वरून मजबूत दिसतो, पण खाली चिकटलेला नसतो. घासून पुन्हा करा, त्यावर दुसरा थर चढवू नका. पाण्यात बुडवून गार करू नका.

हेल्मेटची काच ६० ते १०० अँपिअरला १० नंबरची. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, सिंथेटिक नको. चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट घाला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचणं आर्क बघितल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतं. त्यावर बटाट्याच्या चकत्या किंवा गुलाबपाणी न घालता सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

शेवटचा रॉड झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवा. कापडात, कचऱ्यात किंवा फटीत गेलेली ठिणगी धुमसत राहते आणि माणूस जेवायला गेल्यावर पेट घेते.

## ९. तिसरा आधार, स्प्रिंग, स्टॉपर

दोन बोल्टांवर धरलेला ग्राइंडर त्या बोल्टांभोवती कलू शकतो. कितीही आवळले तरी कंपनाने ते सैल पडतात. बाजारातल्या स्वस्त स्टँडमध्येही हा दोष दिसतो. म्हणून ब्रॅकेटवरून एक पट्टी बॉडीपर्यंत वर न्या, मध्ये रबराचा तुकडा द्या आणि होज क्लिपने बॉडी धरा. हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवा. क्लिप इतकीही आवळू नका की प्लास्टिकला तडा जाईल. ग्राइंडरला डबल इन्शुलेशन असतं, त्याच्या वायरीत अर्थिंग नसतं, आणि ती सुरक्षितता बॉडी शाबूत असेपर्यंतच आहे.

साइड स्टँडची स्प्रिंग अशी लावा की हात सोडला की ग्राइंडर आपोआप वर जाऊन थांबेल. हाताखाली एम ८ चा नट वेल्ड करून त्यात बोल्ट घाला. तो बेसला टेकला की डिस्क थांबली पाहिजे. वरच्या बाजूलाही साखळीचा अटकाव द्या.

सळीचे तुकडे डिस्कच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसवा, मध्ये सहा-आठ मिलिमीटरची फट. फेन्सही बोल्टने, एक भोक लांबट, म्हणजे काटकोन नंतरही लावता येतो. फेन्स वेल्ड करणाऱ्यांना पहिल्याच कापाला पस्तावावं लागतं.

डोक्यावरचा बाण बघा. कापाच्या जागी डिस्कची खालची कड तुमच्यापासून लांब, फेन्सकडे जायला हवी. तेव्हा काम फेन्सवर दाबलं जातं आणि ठिणग्या मागे जातात. बाण उलटा दिसत असेल तर ब्रॅकेट आरशातल्यासारखा उलट्या बाजूने बनवावा लागतो, त्यामुळे ही खात्री चौथ्या टप्प्यात पुठ्ठ्यावरच करून घ्या. मागच्या ब्लॉकवर पत्र्याचा आडोसा लावा. ग्राइंडरचा मूळ गार्ड जागेवर आणि त्याची बंद बाजू तुमच्या तोंडाकडे.

## १०. पहिला काप

नवी डिस्क लावा आणि मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदतीची तारीख वाचा. या डिस्क राळेने बांधलेल्या असतात, जुन्या आणि दमट झाल्या की कमजोर होतात. डिस्कवरचा आरपीएम ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. लाकूड कापायचं दातेरी ब्लेड या स्टँडवर कधीही लावायचं नाही.

डिस्क हाताने फिरवा, हात वर-खाली करा, कुठेही घासत नाही ना बघा. मग बेस टेबलाला बोल्टने कसा, चष्मा आणि फेसशील्ड घाला, डिस्कच्या रेषेतून बाजूला उभे राहा आणि एक मिनिट मोकळा चालवा. आवाज एकसारखा हवा. बंद करून सगळे बोल्ट पुन्हा बघा.

पहिला काप पंचवीसच्या पाइपचा घ्या. काम क्लॅम्पने धरलेलं, हाताने नाही. जोर लावू नका, ग्राइंडरचं स्वतःचं वजन आणि बोटांचा हलका दाब पुरतो. आवाज खाली पडायला लागला की दाब कमी करा. कापाच्या दोन्ही भिंती बघा. एका भिंतीवर चकाकी आणि निळसर जळका पट्टा असेल, दुसरी खरखरीत असेल, तर डिस्क त्या भिंतीला घासते आहे. ब्रॅकेट आणि डोक्यामध्ये पातळ पत्र्याची चकती देऊन ते सुधारा.

सरकत्या स्विचचा ग्राइंडर असेल तर वीज जाऊन परत आल्यावर तो आपोआप सुरू होतो. म्हणून प्लग हाताच्या अंतरावर हवा आणि दर कामानंतर तो काढायचा. पॅडल स्विचचा ग्राइंडर या स्टँडवर जास्त बरा, कारण हात सुटला की तो बंद पडतो. पॅडल दोरीने किंवा टेपने बांधून ठेवू नका.

पहिल्या दहा-बारा कापांनंतर ब्रॅकेटच्या वेल्डच्या कडा वायर ब्रशने साफ करून उजेडात बघा. केसासारखी रेघ दिसली तर स्टँड वापरणं तिथेच थांबवा, तो जोड घासून नव्याने वेल्ड करा आणि ठिपक्याची तपासणी पहिल्यापासून पुन्हा करा. रंग लावायचा तो या तपासणीनंतर. आधी लावला तर रेघ रंगाखाली लपते.